जुन्या पिकअपला मागे कोणता रेशो टाकायचा: ३.०७, ३.७३ की ४.१०?

"पिकअपला पिकअप नाही" हे ऐकायला विनोद वाटतो, पण माझ्या १९७२ च्या शेवरलेट सी-१० बद्दल मी जवळपास दोन वर्षं हेच सगळ्यांना सांगत फिरत होतो. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, टायमिंग सेट केलं, प्लग बदलले, वायरी बदलल्या, एकदा तर फ्युएल पंपावर संशय घेऊन तोही नवा टाकला, आणि गाडी मात्र सिग्नलवरून निघताना म्हैस उठते तशी उठायची, आधी मागचं उचलणार मग पुढचं आणि मग चालायचं की नाही याचा विचार करणार. शेवटी कळलं की इंजिनात काही बिघडलेलंच नव्हतं. मीच हौसेने २८.९ इंचाचे टायर काढून ३१ इंचाचे चढवले होते आणि मागे क्राऊन-पिनियन तोच जुना, ३.०७ चा. दोन वर्षं औषध पोटाला देत होतो आणि दुखणं पायाचं होतं.

तर हे रेशो प्रकरण काय आहे ते जमेल तितकं सरळ सांगतो.

मागच्या एक्सलच्या मधोमध तो जो भोपळ्यासारखा गोळा असतो त्याच्या आत दोन मुख्य गिअर असतात. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन आणि त्याला अडकून फिरणारा मोठा क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागलं की रेशो आला, बस. ४३ भागिले १४ म्हणजे ३.०७. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. याचा अर्थ इतकाच की ३.७३ असेल तर शाफ्टचे पावणेचारला थोडे कमी फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो.

आता कोणालाही प्रश्न पडेल की हे असले वेडेवाकडे आकडे का, सहसा सरळ साडेतीन किंवा चार का नाही ठेवत. कारण दोन्हीकडच्या दात्यांच्या आकड्यांना एकाच संख्येने भाग जात नसेल तर पिनियनचा प्रत्येक दाता आळीपाळीने क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. ४० आणि १० ठेवले तर पिनियनचा एक दाता जन्मभर त्याच चार दात्यांवर घासत राहील. म्हणून ४१, ४३, ३७ असले आकडे दिसतात. आणि क्राऊन-पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने निघतात, त्यामुळे एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन असं लग्न लावायला जाऊ नका, रडत बसाल.

पुढे जायच्या आधी शब्दांचा एक घोळ निस्तरू, कारण याच्यावरून दोन माणसं अर्धा तास भांडतात आणि दोघं एकच बोलत असतात. आकडा मोठा, म्हणजे ४.१०, ४.५६, याला लोक "लो" गिअर म्हणतात. आकडा छोटा, २.७३, ३.०७, याला "हाय" किंवा "टॉल" म्हणतात. उलटं आहे, पण आहे. पहिल्या गिअरला आपण लो म्हणतो आणि त्याचाही रेशो सगळ्यात मोठा असतो, तसंच हे. मी सरळ मोठा आकडा आणि छोटा आकडा एवढंच म्हणणार. मोठा आकडा म्हणजे ओढ जास्त, इंजिनाचे फेरे जास्त. छोटा आकडा म्हणजे इंजिन निवांत, पण दम कमी.

जुन्या ट्रकांना मागे इतका छोटा आकडा का असतो याला इतिहास आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर, आणि नंतर सरकारने मायलेजचे नियम आणले. मग कंपन्यांनी इंजिनाचे फेरे कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग धरला, मागचा आकडाच उतरवला. ऐंशीच्या दशकातले अर्ध्या टनाचे, म्हणजे हलके पिकअप, कितीतरी ट्रक २.७३ आणि ३.०८ घेऊन बाहेर पडले. रिकामी गाडी, सपाट रस्ता, ५५ मैल, त्या हिशेबात ते बरोबरच होतं. आज तोच ट्रक मोठ्या टायरवर, मागे ट्रेलर लावून, चढावर न्यायचा म्हटलं की तो हिशेब कोलमडतो. माझी गाडी तर संकटाच्या आधीची, पण आकडा तिचाही छोटाच होता, कारण ऑटोमॅटिकवाल्याला निवांत हायवे गाडी हवी असं विकणाऱ्याने गृहीत धरलेलं असायचं.

कोणताही नवा आकडा ठरवायच्या आधी आत्ता काय बसलंय ते बघा. फोर्डच्या आणि डाना या एक्सल बनवणाऱ्या कंपनीच्या एक्सलवर कव्हरच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते त्यावर लिहिलेलं असतं, असायचं म्हणजे, पन्नास वर्षांत ती पट्टी कोणीतरी फेकलेली असते. काही गाड्यांच्या दाराच्या किंवा ग्लोव्हबॉक्सच्या स्टिकरवर कोड असतो. पण मधल्या मालकाने काय केलंय याची खात्री त्यातून होत नाही, म्हणून मी मोजतोच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी घट्ट ठोकळे लावायचे, आणि हे हसण्यावारी नेऊ नका, कारण गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो आणि मागचं एक चाक तुम्ही हवेत उचलणार आहात. खाली स्टँड लावायचा, नुसत्या जॅकवर भरवसा नाही. टायरवर खडूने एक खूण, शाफ्टवर एक खूण. साधा डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी आतली जोडणी) असेल आणि दुसरं चाक जमिनीवर असेल तर हवेतलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवायचं, एक नाही दोन, कारण एकच चाक फिरतं तेव्हा क्राऊन अर्ध्यानेच फिरतो. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरला तो तुमचा रेशो. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारा डिफरन्शिअल) असेल तर दोन्ही चाकं उचलायची आणि एकच फेरा.

मी चाक फिरवत होतो आणि धाकटा भाऊ गाडीखाली पाठीवर झोपून शाफ्टवरची खूण मोजत होता. एक, दोन, तीन, आणि खूण वर येऊन जेमतेम बोटभर पुढे सरकून थांबली. "दादा, तीन आणि किंचित." पुन्हा फिरवलं, पुन्हा तीन आणि किंचित. त्या किंचितने दोन वर्षांचा कार्ब्युरेटर निर्दोष सुटला. नंतर कव्हर उघडलं तेव्हा क्राऊनच्या कडेला १४ आणि ४३ असे आकडे ठोकलेले सापडले, म्हणजे मोजणी बरोबर होती.

आता गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे आणि ते पाठच करा. ताशी किलोमीटर गुणिले मागचा रेशो गुणिले २०९, भागिले टायरचा व्यास इंचात. उत्तर म्हणजे इंजिनाचा आरपीएम, मिनिटाला किती फेरे तो आकडा, गिअरबॉक्स टॉपला थेट एकास एक असेल तेव्हाचा. ओव्हरड्राइव्ह (एकपेक्षा छोट्या रेशोचा वरचा गिअर) असेल तर उत्तराला त्याच्या आकड्याने आणखी गुणायचं. वेग मैलात असेल तर २०९ च्या जागी ३३६.

माझ्या गाडीला लावून बघू. १०० च्या वेगाला २८.९ इंची टायरवर ३.०७ म्हणजे २२२० आरपीएम. ठीक होतं. ३१ चे टायर चढवल्यावर २०७०. दीडशेचाच फरक, कागदावर काहीच नाही वाटत. पण हाच फरक दुसऱ्या बाजूने बघा: मोठा टायर लावला की मागचा आकडा आपोआप छोटा होतो. ३.०७ ला २८.९ ने गुणलं आणि ३१ ने भागलं तर २.८६ येतं. म्हणजे मी दोन वर्षं २.८६ चा ट्रक चालवत होतो आणि ३.०७ चा आहे असं समजत होतो. ३३ इंची टायर असते तर २.६९ झाला असता. वर मोठा टायर जड असतो, निघताना त्याला फिरवायलाच ताकद लागते, आणि ब्रेकवरही त्याचा बोजा येतो, ते सूत्रात कुठेच दिसत नाही.

आणि एक, टायरच्या बाजूला ३१ लिहिलेलं असतं म्हणून तो ३१ असतो असं नाही. गाडीच्या वजनाने खाली दबतो, झिजतो. चोख हिशेब हवा असेल तर टायरवर खडूची रेघ मारा, गाडी एक पूर्ण फेरा ढकला, जमिनीवरच्या दोन खुणांतलं अंतर मोजा आणि ३.१४ ने भागा. माझा ३१ चा टायर असा ३० च्या थोडा वर भरला. या लेखात मी सोयीसाठी ३१ च धरतोय.

मग नवा आकडा किती? जुनं वागणं परत हवं तर जुना रेशो गुणिले नवा टायर भागिले जुना टायर, माझ्या बाबतीत ३.२९. पण मुळात मला जुनं वागणं परत नको होतं, त्याहून थोडं जास्त हवं होतं कारण अधूनमधून ट्रेलर ओढायचा होता. ३.७३ लावला तर ३१ च्या टायरवर तो जुन्या टायरवरच्या ३.४८ सारखा वागतो, म्हणजे मूळ गाडीपेक्षा १३ टक्के जास्त ओढ, आणि मी ज्या मेलेल्या अवस्थेत होतो त्यापेक्षा साडेएकवीस टक्के जास्त, प्रत्येक गिअरमध्ये. १०० ला आरपीएम २५१५. ४.१० लावला असता तर २७६४ आणि ४.५६ ला ३०७४. गिअरबॉक्स तीन स्पीड ऑटोमॅटिक, ओव्हरड्राइव्ह नाही, त्यामुळे ४.५६ म्हणजे दिवसभर तीन हजारावर किंचाळत जायचं. ते मला नको होतं. बरं, जुन्या ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टरला (इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलने जोडणारा भाग) लॉकअप, म्हणजे घट्ट जोडणारं कुलूप, नसतो, तो थोडा घसरतोच, म्हणून प्रत्यक्षात आरपीएम या आकड्यांपेक्षा थोडा वरच दिसतो.

इथे लोक विचारतात की आरपीएम किती असावा. माझं मत सांगतो, मत आहे, शास्त्र नाही. जुनं कार्ब्युरेटरवालं व्ही-८, ओव्हरड्राइव्ह नाही, थोडं ओझं थोडा हायवे असा वापर असेल तर नेहमीच्या वेगाला २४०० ते २८०० मध्ये ठेवा. फोर्डच्या ३०० क्युबिक इंच सरळ सिक्ससारखं इंजिन असेल, ज्याची सगळी ताकद खालीच असते, तर त्याला आणखी दोन-चारशे कमी चालेल. ओव्हरड्राइव्ह असेल तर १८०० ते २२००. आणि "नेहमीचा वेग" म्हणजे तुम्ही खरोखर ज्या वेगाने जाता तो, ज्या वेगाने जातो असं मित्रांना सांगता तो नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज एव्हरेजचा आहे. आरपीएम कमी म्हणजे पेट्रोल कमी, असं सगळे धरून चालतात. रिकामी गाडी सपाटीवर असेल तर ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण इंजिनावर ओझं जास्त आणि फेरे कमी असतील तर वेग टिकवायला तुम्ही पाय दाबत जाता, थ्रॉटल उघडत जातो, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम (इंजिनात हवा जाणाऱ्या नळीतली ओढ) पडतो, आणि हॉलीसारख्या कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूम एका पातळीखाली गेला की पॉवर व्हॉल्व उघडतो आणि जादा पेट्रोल सोडायला लागतो. क्वाड्राजेट या दुसऱ्या कार्ब्युरेटरमध्ये हेच काम पॉवर पिस्टन करतो. म्हणजे टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) १९०० दाखवतोय म्हणून तुम्ही खूश आणि तिकडे कार्ब्युरेटर नळ सोडून बसलाय. माझ्याकडे एक जुना व्हॅक्यूम गेज पडून होता, तो नळी लांबवून डॅशबोर्डवर आणून ठेवला आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर नेली. सपाटीला ठीक, पण जो चढ डोळ्याला चढ म्हणून दिसतही नाही तिथे काटा १५ वरून घसरत ७ वर यायचा. टॅकोमीटर तिथल्या तिथे. मागचे गिअर बदलल्यावर त्याच जागी काटा ११ च्या खाली जात नाही. ज्याला रेशो बदलावा की नाही ठरत नाहीये त्याने आधी हा गेज लावून आठवडाभर गाडी चालवावी, त्याच्याइतकं खरं दुसरं कोणी बोलत नाही.

एव्हरेजच्या बाबतीत आणखी एक गंमत. मोठा टायर लावला की मीटर कमी किलोमीटर मोजतो, माझ्या गाडीत ७ टक्के कमी. म्हणजे टायर बदलल्यावर "एव्हरेज पडलं" म्हणून मी जे रडत होतो त्यातला काही भाग निव्वळ मीटरचा खोटेपणा होता. आणि नुसते मागचे गिअर बदलून मीटर तसाच ठेवला की उलटं, मीटर जास्त मोजतो आणि लोक छाती फुगवून सांगतात की ४.१० टाकून एव्हरेज वाढलं. ३.७३ आणि ३१ मिळून माझा मीटर १३ टक्के पुढे पळत होता, काटा १०० वर असताना गाडी ८८ ला. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला स्पीडोमीटर केबलच्या टोकाला प्लॅस्टिकचा रंगीत छोटा गिअर असतो, तो योग्य दात्यांचा टाकला की प्रश्न मिटतो. छोटं काम आहे, पण लोक हमखास विसरतात.

आता गिअरबॉक्स, कारण मागचा आकडा एकटा कधीच काम करत नाही. माझ्या तीन स्पीड ऑटोमॅटिकचा, टीएच-३५० चा, पहिला गिअर २.५२. त्याला ३.०७ ने गुणलं तर ७.७४, आणि ३.७३ ने गुणलं तर ९.४०. निघतानाचा जोर या गुणाकारावर ठरतो. आता बघा, १९८२ पासून आलेला ७००आर४ हा ओव्हरड्राइव्हवाला चार स्पीड ऑटोमॅटिक, त्याचा पहिला ३.०६ आहे. त्याला माझ्या जुन्या ३.०७ ने गुणलं तर ९.३९! म्हणजे मागचं कव्हर न उघडता नुसता गिअरबॉक्स बदलला असता तरी सिग्नलवरून गाडी अगदी तशीच उठली असती. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस विचारात होतो. पण मग चौथा गिअर ०.७० चा, ३.०७ बरोबर तो ३१ च्या टायरवर १०० ला १४५० आरपीएम देतो, म्हणजे तो गिअर फक्त उताराला आणि मागून वारा असताना. जरा चढ आला की तिसरा, जरा सपाट झालं की चौथा, पुन्हा तिसरा, असा तो गिअरबॉक्स शोधाशोध करत बसतो आणि तापतो, आणि ऑटोमॅटिकला उष्णतेइतकं वाईट काहीच नाही. त्यात त्याचा पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३, मध्ये मोठी खाई, ओझं घेऊन चढाला दुसरा पडला की इंजिन एकदम खाली बसतं. म्हणून ७००आर४ टाकणार असाल तर मागे ३.७३ किंवा ४.१० हवाच, तेव्हा ओव्हरड्राइव्हला अनुक्रमे १७६० आणि १९३५ मिळतात आणि तो गिअर कामाचा होतो. ओव्हरड्राइव्ह आहे तर बिनधास्त मोठा आकडा टाका, नाही तर हात आखडता घ्या, माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

एसएम-४६५ सारखा जुना चार स्पीड मॅन्युअल असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा पहिला साडेसहाच्या वर असतो, त्याने झाडाचं खोड उपटता येईल. तिथे निघतानाच्या जोरासाठी मागचा आकडा वाढवायची गरजच नाही, फक्त टॉपमधला आरपीएम बघून ठरवा.

किती उडी मारायची? पाच टक्क्यांची उडी मारू नका. ३.५५ वरून ३.७३ वर जाणं म्हणजे सगळा एक्सल खोलून, बेअरिंग बदलून, मजुरी भरून, शेवटी "काही बदललं का रे?" असं शेजाऱ्याला विचारणं. मजुरी ३.७३ ला तितकीच आणि ४.१० ला तितकीच. दहा टक्क्यांच्या आत असेल तर तसंच राहू द्या, पंधरा-वीस टक्के फरक पडणार असेल तरच कव्हर उघडा. पण म्हणून फार वरही जाऊ नका, आकडा वाढला की पिनियनचे दाते कमी होतात, ४.५६ ला नऊच, ४.८८ ला आठ, आणि पिनियनचं डोकं बारीक होतं. छोट्या एक्सलमध्ये एवढ्या बारीक पिनियनवर भारी इंजिन आणि ३५ चे टायर म्हणजे दाते मोजून परत घ्यायची वेळ. शिवाय शाफ्टही जास्त फिरतो, आणि ओव्हरड्राइव्हने इंजिन शांत झालं तरी शाफ्टचे फेरे कमी होत नाहीत. माझ्या शाफ्टला २०७० ला काही नव्हतं, २५१५ ला पायाखाली गुणगुण सुरू झाली, जुना यू-जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) निघाला. तो आधीपासूनच खराब होता, फक्त आता बोलायला लागला.

इथे माझी एक चूक सांगतो, पैसे गेलेले आहेत म्हणून. क्राऊन ज्याच्यावर बोल्टने बसतो त्याला कॅरियर म्हणतात. पिनियन बारीक झाला की क्राऊनला त्याच्याकडे सरकावं लागतं, आणि एका मर्यादेपलीकडे तो सरकू शकत नाही, म्हणून बऱ्याच एक्सलला दोन वेगवेगळे कॅरियर असतात, छोट्या आकड्यांचा एक, मोठ्या आकड्यांचा दुसरा. डाना ४४ मध्ये ही रेषा ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये आहे, डाना ६० मध्ये ४.१० आणि ४.५६ च्या मध्ये. शेवरलेटच्या ट्रकवाल्या १२-बोल्ट नावाच्या एक्सलमध्ये, म्हणजे माझ्या, ३.४२ पर्यंत एक आणि ३.७३ पासून दुसरा. आणि मी काय केलं, नुसता ३.७३ चा क्राऊन-पिनियन मागवला, आनंदाने. मिस्त्रीने कव्हर उघडून जुना कॅरियर बाहेर काढला, नवा क्राऊन त्यावर बसवून आत ठेवला तर क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये बोट जाईल एवढी फट! दोघं एकमेकांकडे बघतायत, हात मिळवत नाहीत. गाडी तीन आठवडे ठोकळ्यांवर. तेव्हा मागवायच्या आधी तुमच्या एक्सलचं नाव नक्की करा आणि ही रेषा कुठे आहे ते विचारा. १०-बोल्ट एक्सलच्या साडेआठ इंची क्राऊनवाल्या प्रकारात २.७३ पासून वर एकच कॅरियर चालतो, तो त्या मानाने गरीब गाय.

फोर्डच्या ९ इंचीवाल्यांचं मला नेहमी कौतुक आणि थोडा मत्सर वाटतो. १९५७ पासून १९८६ पर्यंत आलेला हा एक्सल, त्याचा मधला सगळा भाग, क्राऊन पिनियन कॅरियर सकट, पुढून नट काढले की एकसंध बाहेर येतो. सेट केलेला दुसरा भाग शेल्फवर ठेवायचा आणि एका दुपारी बदलून टाकायचा. आम्हा बाकीच्यांना कव्हरमधून डोकं घालून काम करावं लागतं.

फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचा एक्सलही बदलावा लागतो, म्हणजे खर्च दुप्पट, यात पळवाट नाही. पुढे ३.०८ आणि मागे ३.७३ ठेवून कडक रस्त्यावर फोर-व्हील लावली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघतात, मधला ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरचा डबा) पिळला जातो आणि काहीतरी मोडतं. अगदी किंचित फरक चालतो, जुन्या फोर्डमध्ये कारखान्यातूनच मागे ३.५० आणि पुढे ३.५४ असायचं, किंवा ४.११ आणि ४.०९. एक टक्क्याच्या आसपास, बस.

बसवायचं काम स्वतः करावं का? मी केलं नाही, आणि पुन्हाही करणार नाही. जोडणं अवघड नाहीये, पण पिनियन किती खोल, क्राऊन किती जवळ, बेअरिंगवर किती ताण, हे सगळं शिम (पातळ चकत्या) घालून काढून जमवायचं असतं. दात्यांमधला मोकळेपणा साधारण ६ ते १० थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, नेमका आकडा त्या त्या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये. कसबी माणूस दात्यांना पिवळा रंग लावतो, हाताने फिरवतो आणि रंग कुठे पुसला गेला ते बघतो. ठसा दात्याच्या मध्यावर यायला हवा. वरच्या कडेला आला तर पिनियन आत हवा, मुळाशी आला तर बाहेर. आमच्या मिस्त्रीने चार वेळा सगळं खोललं. चौथ्या वेळी बॅटरी धरून मला दाखवलं, पिवळ्या रंगात मधोमध एक स्वच्छ लांबट डाग, वर कडेला स्पर्श नाही खाली मुळाला नाही. "आता आवाज करणार नाही," म्हणाला. केला नाही. जो घाईत हा ठसा बघत नाही त्याच्या गाडीत पाय दाबला की हूंऽऽऽ आणि सोडला की वेगळं हूंऽऽऽ, आणि तो आवाज आपोआप कधीच जात नाही.

हे सगळं नको असेल तर दुसरा मार्ग, हव्या त्या रेशोचा अख्खा एक्सल भंगारातून उचलायचा. अनेकदा हेच स्वस्त पडतं आणि कारखान्याचं सेटिंग शाबूत मिळतं. फक्त रुंदी, चाकाच्या बोल्टांची संख्या आणि अंतर, स्प्रिंग जिथे बसते त्या बैठका, हँडब्रेकची केबल आणि यू-जॉइंटचा साइझ एवढं तिथेच मोजून बघा, घरी आणून नाही.

नवे गिअर बसल्यावर पहिल्या दिवशीच ट्रेलर लावू नका. पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, अगदी हात लावून बघा, पुन्हा चालवा, पुन्हा थंड. असं तीन-चार वेळा. नवे दाते एकमेकांवर बसताना प्रचंड तापतात आणि त्याच वेळी ओझं दिलं तर वरचा थर भाजून मऊ पडतो, मग कितीही भारी ऑइल टाका उपयोग नाही. पहिले ८०० किलोमीटर ओढकाम नाही आणि त्यानंतर ऑइल बदलायचं, लिमिटेड स्लिप असेल तर त्याचं फ्रिक्शन मॉडिफायर (ऑइलमध्ये मिसळायचं वेगळं द्रव) विसरू नका. माझं पहिलं ऑइल काढलं तेव्हा ते करड्या चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं आणि मी घाबरलो, मिस्त्रीने त्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं, कुठे काही टोचत नाही बघून बोट फडक्याला पुसलं आणि म्हणाला भर नवीन.